वन्सं कारण विचारतात

सकाळपासून वन्सं गप्प होत्या, आणि वन्सं गप्प असल्या की डॉ. हेमांगी परुळेकरला दवाखान्यात कसं मोकळं मोकळं वाटायचं. सर्दीपडशी झाली, खरूज झाली, एका पोराच्या टाचेत रुतलेली कालवाची शिंप काढून झाली, तरी वन्संनी हूं की चूं केलं नव्हतं.

आता या वन्सं म्हणजे हेमांगीच्या नवऱ्याची बहीण नव्हे. ती बिचारी मालाडला असते आणि गणपतीपुरती येते. या वन्सं म्हणजे टेबलावरचं, पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र. राज्यातल्या प्रत्येक दवाखान्याला तीन वर्षांपूर्वी ते मिळालं. त्याचं सरकारी नाव इतकं लांबलचक की मंत्र्यालासुद्धा कागदात बघून वाचावं लागलं होतं. आवाज बाईचा, मध्यम वयाचा, गोड, पण हटायचा नाही. पहिल्याच आठवड्यात हेमांगी वैतागून म्हणाली, "ह्या तर माझ्या वन्संच झाल्या! भाजीत मीठ किती टाकते त्यावरसुद्धा डोळा!" बाकावर बसलेल्या पेशंटांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत माडबांद गावभर झालं. तेव्हापासून वन्सं त्या वन्संच.

वन्संच्या आधी लाल चौकट होती. तिची गंमत अशी, की तिला फक्त औषधं कळायची, माणूस कळायचा नाही. कुठली दोन औषधं एकत्र पडली की घात होतो याची एक लांबलचक यादी तिच्या पोटात होती. त्यातली दोन नावं एका चिठ्ठीवर आली की पडद्यावर लाल चौकट उमटलीच. मग ती चिठ्ठी वीस वर्षांच्या मासेमाराची असो की ऐंशी वर्षांच्या आजीची. दिवसाला शंभर चौकटी यायच्या. शंभरातल्या पंच्याण्णव फुकाच्या. लांडगा आला रे आला ऐकून ऐकून डॉक्टरांची बोटं इतकी सरावली, की डोळ्यांना न विचारता 'पुढे जा' दाबून मोकळी व्हायची. उरलेल्या पाचांत खरा लांडगा असायचा, आणि तो कुठे ना कुठे माणूस उचलून न्यायचा.

वन्संचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे प्रत्येक माणसाचं आरोग्यखातं होतं. मूत्रपिंडं किती काम करतात, वजन किती, कुठल्या डॉक्टरने काय लिहून दिलंय, सगळं. त्यावरून त्या माणसाचं गणितातलं एक प्रतिरूप उभं करायच्या. हेमांगीने नवी गोळी लिहिली की आधी ती प्रतिरूपाच्या पोटात जायची. त्याचं पुढे काय होतं, त्याच्यासारख्या लाखो माणसांचं काय झालं होतं, हे क्षणात पडताळून बघायचं आणि धोका खरा असेल तरच तोंड उघडायचं. म्हणून वन्सं आठवड्यातून दोनतीनदाच बोलायच्या.

पण बोलल्या की पंचाईत. कारण 'पुढे जा' हे बटणच उरलं नव्हतं. डॉक्टरने कारण सांगायचं. तेही मोठ्याने, पेशंटच्या समोर, त्याला कळेल अशा भाषेत. आणि पेशंट "समजलं" म्हणाला तरच गोळी पुढे सरकायची. या नियमावरून डॉक्टर मंडळींनी केवढं आकांडतांडव केलं होतं! देवाला कुणी कारण विचारतं का? हेमांगीनेही बोटं मोडली होती. पण तीन वर्षांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. माणसं आता तिला विचारायला लागली होती. पूर्वी नुसती मान डोलवायची.

"मार्गारेट फर्नांडिस," वन्सं बोलल्या, आणि हेमांगीचा मोकळेपणा संपला.

मार्गारेट टीचर आत येऊन बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, गावातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवलेली. मुलगा कॅनडात, मुलगी लिस्बनला. घरात त्या आणि एक बोका.

"यांच्या पाणी काढणाऱ्या गोळीमुळे शरीरातलं पोटॅशियम कमी झालं आहे," वन्सं म्हणाल्या. "सोबत हृदयाची गोळी चालू आहे. पोटॅशियम कमी असताना ती गोळी विषासारखी वागू शकते. दिलेलं पोटॅशियमचं सायरप घेतलेलं दिसत नाही. कारण सांगा."

"कारण ते मोरी धुवायच्या लायकीचं आहे," टीचर म्हणाल्या.

"टीचर, घ्यावं लागेल हो," हेमांगी काकुळतीला आली. "पाण्यातून घ्या, सरबतातून घ्या."

"सरबताची चव कशाला बिघडवू?" टीचर उठल्या आणि जाता जाता बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "माझं पोटॅशियम कमी झालंय म्हणे! या वयात काय जास्त असायला हवं होतं?"

बाकावरून एक मोठं हसू आलं. ते हसू हेमांगीने हजार माणसांत ओळखलं असतं.

"दिगूदादा! आलात?"

दिगंबर धुरी दारात उभा होता. एका बाजूला भिंतीचा आधार, दुसऱ्या बाजूला बायकोचा. दशावतारातला राजा म्हणून चाळीस वर्षं त्याने तालुका गाजवला होता. दशावतारात लिहिलेली भाषणं नसतात, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. दिगंबर बोलायला लागला की समोरचा राक्षससुद्धा आपलं वाक्य विसरून ऐकत राहायचा. हेमांगी फलटणहून लग्न होऊन आली, दवाखाना उघडला, तर महिनाभर एक पेशंट फिरकेना. बाईमाणूस, त्यात घाटावरची. एक दिवस जत्रेतल्या नाटकात दिगंबरच्या पायात खिळा घुसला आणि तो मुकुट, भुजबंद, तोंडाला रंग अशा थाटात तिच्या दारात येऊन बसला. राजा जिथे गेला तिथे प्रजा गेली. त्या वर्षीपासून भाऊबीजेला हेमांगीचं ओवाळणं त्याच्या घरी.

आता त्याचं हृदय थकलं होतं. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पंधरा दिवस काढून तो परत आला होता. हेमांगीने तिथल्या डॉक्टरांची औषधं आपल्या यंत्रात घातली, आणि वन्सं लगेच बोलल्या.

"थांबा. रक्तदाबाची ही गोळी आणि पाण्याची ही दुसरी गोळी, दोन्ही शरीरातलं पोटॅशियम वाढवतात. यांची मूत्रपिंडं आधीच मंद आहेत. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. कारण सांगा."

"काय गो वन्सं," दिगंबर खुर्चीत बसत म्हणाला, "इल्या इल्या मरणाची गजाल?"

हेमांगीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "दादा, नीट ऐका. टीचरना जी पाण्याची गोळी आहे ना, ती पोटॅशियम घालवते. तुमची वेगळी आहे, ती राखून ठेवते. तुमच्या हृदयाला या दोन गोळ्यांचाच आधार आहे. दोन्ही घेतल्या तर पुष्कळ वर्षं काढाल. पाण्याची काढली तर मोठे डॉक्टर म्हणतात, वर्षाचासुद्धा भरवसा नाही. पण दोन्ही एकत्र म्हणजे तारेवरची कसरत. म्हणून बोटातून रक्ताचा थेंब काढायचं यंत्र घरी न्यायचं आणि दर दोन दिवसांनी थेंब द्यायचा. आकडा आपोआप इकडे येईल. मीठ कमी, पाणी मोजून. समजलं?"

"समाजला," दिगंबर म्हणाला.

"माका पण समाजला," त्याची बायको सुगंधा म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण मोजून पाणी द्यायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी हेमांगी दवाखाना बंद करून धुऱ्यांकडे गेली. औषधाची वेळ सांगायची हे निमित्त. खरं म्हणजे तिला दादाशेजारी जरा बसायचं होतं. नाक्यावरून एक शहाळं घेतलं, आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने थोडंच जायचं? ओटीवर माणसं भरली होती. सुगंधाने शहाळं फोडून पेल्यात ओतलं, दिगंबरने घटाघटा प्यायलं आणि मिशी पुसत म्हणाला, "बाय, ह्या पाण्यान जीव थंड झालो." हेमांगीला फार बरं वाटलं. घरी जाताना स्कूटरवर ती चक्क गुणगुणत होती.

पहिला आठवडा बरा गेला. मग पोटॅशियमचा आकडा चढायला लागला. पाचाच्या आत हवा तो साडेपाच झाला. वन्संनी पाण्याची गोळी अर्धी करायला सांगितली, हेमांगीने केली. आकडा सहाला टेकला. गोळी बंद केली. तरी आकडा खाली येईना. उलट गोळी सुटल्याने दिगंबरच्या पायांवर सूज चढली, आडवं झालं की दम लागायचा, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची पाळी आली. राजाची तब्येत ढासळली ही बातमी तालुकाभर पसरली आणि बघायला येणाऱ्यांची आणखी रीघ लागली.

एका दुपारी सुगंधाने त्याला रिक्षात घालून आणलं. हातापायांत त्राण नव्हतं, नाडी मंद लागत होती. हेमांगीने छातीला तारा लावल्या. पडद्यावर हृदयाच्या लाटा तंबूच्या टोकासारख्या अणकुचीदार झाल्या होत्या.

"सहा पूर्णांक आठ," वन्संचा आवाज बदलला नव्हता, फक्त वेग वाढला होता. "कॅल्शियमचं इंजेक्शन आत्ता. रुग्णवाहिका मी बोलावली आहे."

हेमांगीने इंजेक्शन दिलं. हळूहळू, नाडीवर बोट ठेवून. ती दादाशी बोलत राहिली, कुठल्या कुठल्या जत्रेचं, कुठल्या कुठल्या राक्षसाचं. रुग्णवाहिका येईपर्यंत लाटांची टोकं बोथट झाली. दिगंबर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेला.

तिथे चार दिवसांत आकडा साडेचारवर आला. हेमांगीने देवापुढे साखर ठेवली. पाचव्या दिवशी दिगंबर घरी आला. आठवड्याच्या आत आकडा पुन्हा सहाला टेकला.

"यांचं प्रतिरूप आणि यांचं शरीर यांचा मेळ बसत नाही," त्या दिवशी वन्सं म्हणाल्या. दिगंबर आणि सुगंधा समोरच बसले होते. "औषधांचा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला. गोळी बंद आहे, आकडा उतरायला हवा. पोटॅशियम बाहेरून येत आहे. रोज दहा-बारा केळ्यांइतकं."

"धा केळी?" दिगंबर म्हणाला. "मी काय वांदर आसंय?"

"घरात केळ्याची साल पण नाय," सुगंधा म्हणाली. "पेज, भात, बिनमिठाचा सार. दिवसाक एक तांब्यो पाणी, तो पण मोजून."

"मीठ कुठलं?" हेमांगीने विचारलं. "ते हलकं मीठ मिळतं हल्ली, त्यात पोटॅशियम असतं."

"मीठच नाय म्हटलंय ना!"

"कुणा वैद्याचा काढा? कसलं चूर्ण? वहिनी, आठवून सांगा. प्रेमापोटी माणूस देतं काहीतरी."

सुगंधाचा चेहरा बदलला. हेमांगीने ते पाहिलं आणि तिथेच थांबायला हवं होतं, पण वन्संना चेहरे दिसत नव्हते.

"इस्पितळात असताना उतरतं," वन्सं म्हणाल्या. "घरी आल्यावर चढतं."

खरं तर यंत्राने आरोप केला नव्हता, दोन खरी वाक्यं शेजारी ठेवली होती. लाल चौकटीच्या काळात ती पडद्यावर उमटली असती, हेमांगीने वाचली असती आणि गोडीगुलाबीने वेगळी विचारपूस केली असती. आता ती मोठ्याने बोलली गेली होती.

"म्हणजे मी ह्येंका वीख घालतंय," सुगंधा सावकाश म्हणाली. "ह्येंच्याबरोबर मी पण अळणी जेवतंय दीड महिनो. माका खय कोणी सांगितलेला?" तिने पिशवी उचलली आणि ती बाहेर जाऊन रिक्षात बसली.

दिगंबर भिंत धरून उठला. "बाय," तो म्हणाला, "तुझ्या वन्संक हिशेब येता, माणसां येत नाय. आणि आज तुका पण इली नाय." एवढ्या वर्षांत तो हेमांगीला पहिल्यांदाच असं बोलला.

त्या रात्री हेमांगी ताटावरून तशीच उठली. वन्संवर चिडावं तर त्या बरोबर होत्या. वहिनीवर संशय घ्यावा तर लाज वाटत होती. आणि या भांडणात ती गोळी बंदच राहिली तर दादा पुढची भाऊबीज बघणार नाही, हे तर डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माफी मागायला निघाली. नाक्यावर स्कूटर आपोआप थांबली. शहाळेवाल्याने विचारलंसुद्धा नाही, एक चांगलं जड बघून हातात दिलं. धुऱ्यांच्या ओटीवर नेहमीप्रमाणे माणसं होती. एक जोडपं थेट मालवणहून आलेलं. त्यांच्यासमोर वहिनीशी काय बोलायचं, म्हणून हेमांगी शहाळं काखेत धरून घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेली.

आणि जागच्या जागी थिजली.

परसात न्हाणीच्या भिंतीला लागून रिकाम्या शहाळ्यांचा ढीग रचलेला होता. दोन दोन भकलं केलेली, पाण्याच्या चुलीसाठी उन्हात वाळत घातलेली. ढीग कौलांच्या पागोळीपर्यंत पोचला होता. खालची भकलं वाळून खडखडीत झालेली, वरची अजून ओली, हिरवीगार.

सुगंधा चुलीत जाळ घालत होती. तिने मान वर केली आणि तोंड फिरवलं.

"वहिनी," हेमांगीने ढिगाकडे बोट केलं, "हे... हे सगळं कुणी प्यायलं?"

"कोण पितलो? ह्येच पितत. येणारो माणूस हातात धरून बसता, 'पी राजा, माझ्यासमोर पी,' म्हणता. रिकामो पेलो बघल्याशिवाय उठत नाय."

"रोज किती?"

"कोण मोजता? माणसां येतत तितकी."

"पण मी विचारलं होतं ना तुम्हाला, काय खातात, काय पितात!"

"तां काय खाणा-पिणा आसा?" सुगंधाला खरंच कळेना. "तां लोकांनी आणलेला."

हेमांगी न्हाणीच्या कट्ट्यावर बसली. एका शहाळ्यात दोन केळ्यांएवढं पोटॅशियम. मूत्रपिंडं धड असलेल्या माणसाला अमृत, दादाला घात. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून तिला हे पाठ होतं. तांब्याने पाणी मोजलं, मिठाचा डबा बंद केला, आणि तहानलेल्या माणसासमोर अख्ख्या तालुक्याने शहाळी धरली. तब्येत बिघडली तशी माणसं वाढली, माणसं वाढली तशी शहाळी वाढली, आणि शहाळी वाढली तशी तब्येत बिघडली. इस्पितळात भेटायला सोडत नव्हते, म्हणून तिथे आकडा उतरला. वहिनीने विष घातलं नव्हतं. घातलं असेल तर गावाने घातलं होतं, मायेने. आणि गावाचं कशाला घ्या? हेमांगीने स्वतःच्या काखेत बघितलं.

तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईतो ती हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. सुगंधा घाबरून जवळ आली. हेमांगीने तिला घट्ट धरलं. "वहिनी, चुकलं हो माझं. पहिल्या दिवशीचं शहाळं मीच आणलं होतं."

सुगंधाने ढिगाकडे पाहिलं, मग हेमांगीच्या काखेकडे पाहिलं. "अगो बाय माझे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तीही हसायला लागली.

दिगंबरला मात्र सांगणं सोपं गेलं नाही. पाहुणे उठेपर्यंत हेमांगी थांबली आणि मग तिने सगळं समजावलं. त्याने पायांवरच्या सुजेवरून हात फिरवला.

"नको कसा म्हणू, बाय? चाळीस वर्सां ह्या लोकांनी माका राजा केल्यानी. मालवणसून माणूस येता, उन्हातान्हाचो, मायेन आणता. तेचा शहाळा परत धाडू? तां अपशकुनाचा. तेच्यापरीस गोळी नको. माणसां व्हयी."

"दादा, गोळी नसेल तर माणसं शेवटचीच यायची."

"येवंदेत."

"आणि माझी भाऊबीज?" हेमांगी एकदम ओरडलीच. डॉक्टरकी, वन्सं, सगळं बाजूला राहिलं. "मी कुणाला ओवाळू? त्या ढिगाला?"

दिगंबर दचकला. सुगंधा दारात उभी होती, तिच्या डोळ्यांना धार लागलेली. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मानलेल्या बहिणीकडे. मग तो उशी सारून ताठ बसला. राजा रंगमंचावर अडचणीत सापडला आणि पुढचं वाक्य सुचायचं असलं की तो असाच बसायचा.

"आणलेला परत धाडूचा नाय," तो स्वतःशीच म्हणाला, "पण फुडे धाडलेला चलता. बाय, त्या दिवशी मार्गारेट टीचर काय आरडत होती? तिचा पोटॅशियम कमी, नाय?"

हेमांगीने मनातल्या मनात टीचरांचं आरोग्यखातं उघडलं. टीचरनी ते स्वतःच गावभर केलं होतं, त्यामुळे गुपित फोडण्याचा प्रश्न नव्हता. त्यांची मूत्रपिंडं चांगली होती. दिवसाला एक शहाळं त्यांना सायरपपेक्षा सरस.

"एकच हं, दादा. जास्त नको."

"एक टीचरीक. बाकीची आणणाऱ्यांनीच पिऊची. राजाच्या नावान."

दुसऱ्या दिवसापासून धुऱ्यांच्या ओटीवर नवा खेळ सुरू झाला. पाहुणा शहाळं पुढे करायचा. दिगंबर ते दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि ठेवणीतला आवाज काढायचा: "हे प्रजाजना! तुझी भेट आम्हांस पावली. आता आमच्या आज्ञेने ती तूच प्राशन कर, आमच्यासमोर कर, आणि आमच्या जिवाला गारवा दे!" पाहुणा हसत हसत प्यायचा. रोजच्या पहिल्या पाहुण्याला वेगळी आज्ञा होती. त्याने आपलं शहाळं घेऊन खालच्या वाडीत मार्गारेट टीचरकडे जायचं आणि टीचर पिऊन होईपर्यंत तिथून उठायचं नाही. कुणी म्हातारे विद्यार्थी निघायचे, कुणी उगाच शाळेच्या गोष्टी काढून बसायचे. मालवणचं एक जोडपं तर बोक्याशी खेळत जेवणापर्यंत राहिलं.

हेमांगीने घडलं ते सगळं वन्संना सांगून नोंदवलं. महिन्याभरात राज्यभरातल्या वन्सं पेशंटांना एक नवा प्रश्न विचारायला लागल्या: "तुम्हाला भेटायला येणारी माणसं काय आणतात?" आणि जिकडच्या तिकडच्या गणितातली न जुळणारी प्रतिरूपं एकेक करून जुळायला लागली. कुणाकडे केळ्यांचे घड निघाले, कुणाकडे मोसंब्यांच्या करंड्या.

दिवाळीच्या आधी दिगंबर भिंतीचा आधार न घेता दवाखान्यात आला, शेजारी सुगंधा. आकडा पावणेपाच. हेमांगीने बंद केलेली गोळी पुन्हा लिहिली.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. "या दोन गोळ्या एकत्र दिल्यास पोटॅशियम वाढतं. यांना एकदा गंभीर धोका होऊन गेला आहे. कारण सांगा."

"मी सांगू?" दिगंबरने विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता खुर्चीतून उठला. "कारण असं, वन्सं, की आमची प्रजा आता आमचं शहाळं स्वतः पिते!"

वन्सं म्हणाल्या, "कारण नोंदवलं. दर दोन दिवसांनी थेंब द्यावा. दोघांनाही समजलं का?"

"समाजला," सुगंधा म्हणाली. या खेपेला वन्संनी तिलाही विचारलं होतं.

ती दोघं बाकापर्यंत गेली तोच मार्गारेट टीचर आत येऊन बसल्या. पाठ ताठच, पण गालांवर जरा तेज आलेलं.

"मार्गारेट फर्नांडिस. पोटॅशियम व्यवस्थित आहे," वन्सं म्हणाल्या. "परंतु सायरप घेतलेलं दिसत नाही. एक प्रश्न आहे. तुम्हाला भेटायला येणारी माणसं काय आणतात?"

"शहाळं," टीचर म्हणाल्या. "पण ते तुझ्या हिशेबासाठी. खरं तर ती स्वतः येतात. नवरा गेल्यानंतर अकरा वर्षं माझ्या घराची कडी पोस्टमन सोडून कुणी वाजवली नव्हती. आता मी सकाळी उठून वेणी घालते, कोण येईल सांगता येत नाही म्हणून."

हेमांगीने लिहायचं सोडून त्यांचा हात हातात घेतला. बाहेर बाकावर दिगंबर एकदम खोकला, उगाचच.

"कारण नोंदवलं," वन्सं म्हणाल्या. "सायरप बंद करत आहोत. समजलं का?"

"मला केव्हाच समजलं होतं, बाई," टीचर म्हणाल्या. "तुला आत्ता समजलं."

वन्सं गप्प बसल्या.